औषधाला दाद न देणारे जंतू आणि आपल्याकडची लॅब

प्रश्न थोडक्यात असा आहे: यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात घर. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष. आजीला लघवीचा संसर्ग झाला, तीन डॉक्टर झाले, शेवटी नागपूरला कल्चर केलं (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून कोणतं औषध लागू पडतं ते बघितलं) तेव्हा कुठे लागू पडणारं औषध सापडलं. तेव्हापासून अँटिबायोटिक प्रतिरोधावर काम करायची इच्छा आहे. पण सगळे सांगतात की त्यासाठी पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात जावं लागतं, आणि इकडे परतलं तर "जन्मभर लघवी-रक्त तपासत बसशील." यात खरं किती?

तुझ्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले, कारण गेली तेवीस वर्षं मी तेच करते आहे. बी.एस्सी. अमरावतीला, एम.एस्सी. आणि पीएच.डी. नागपूरला, आणि त्यानंतर वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या रुग्णालयांच्या लॅबमध्ये. जंतू औषधाला जुमानेनासा झाला आहे हे जगात कुठेही सगळ्यात आधी दिसतं ते लघवी, रक्त आणि पू यांच्या प्लेटवरच. मोठ्या संस्थांत जंतूंचे जीनोम, म्हणजे त्यांची सगळी जनुकं, वाचले जातात, तेही अशाच कुठल्यातरी प्लेटवरून उचललेल्या कॉलनीचे, म्हणजे जंतूंच्या वाढलेल्या ठिपक्याचे. ती कॉलनी नीट वाढवली नसेल, नाव चुकीचं लावलं असेल, तर पुढचं सगळं वाया जातं.

तुझ्या आजीच्या नमुन्याचं नागपुरात काय झालं असेल ते सांगते. आधी एक मायक्रोलिटर लघवी मावेल एवढ्या लूपने नमुना मॅकॉन्की अगर या जंतू वाढवण्याच्या जेलीवर ओढला असेल. दुसऱ्या दिवशी एकाच प्रकारच्या गुलाबी कॉलनी शंभरच्या वर आल्या, म्हणजे दर मिलिलिटरला लाखाच्या वर जंतू. बहुधा ई. कोलाय. मग त्यातल्या चार-पाच कॉलनी सलाईनमध्ये कालवून गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणित नळीशी जुळवायचा. मागे काळ्या रेघांचं कार्ड धरून दोन्ही नळ्या शेजारी शेजारी बघायच्या, रेघा सारख्याच पुसट दिसल्या पाहिजेत. तेवढ्या गढूळपणात मिलिलिटरला साधारण १५ कोटी जंतू असतात. त्यात बुडवलेला स्वॅब नळीच्या भिंतीवर दाबून निथळायचा आणि म्युलर-हिंटन अगरच्या प्लेटवर तीन दिशांनी फिरवायचा, प्रत्येक वेळी प्लेट साठ अंशांनी वळवून. अगरची जाडी बरोबर ४ मिलिमीटर हवी. जाड झाली तर औषधाभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ, म्हणजे झोन, लहान येतं, पातळ झाली तर मोठं. पंधरा मिनिटांच्या आत अँटिबायोटिक भरलेल्या ६ मिलिमीटरच्या कागदी डिस्क ठेवायच्या, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत प्लेट उलटी करून ३५ अंशांवर सोळा ते अठरा तास.

सकाळी प्लेट काढायची, काळ्या कापडावर धरायची, आणि पट्टी लावून प्रत्येक डिस्कभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कला जंतू अगदी चिकटून वाढलेले दिसतात, कारण या औषधाला आता आपल्याकडचे बहुतेक ई. कोलाय दाद देत नाहीत. शेजारीच नायट्रोफ्युरँटॉइनभोवती मात्र रुंद स्वच्छ वर्तुळ असतं. जुनं, स्वस्त औषध, पण मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला आजही बहुतेक वेळा लागू पडतं. आजीच्या आधीच्या तीन डॉक्टरांना हे वर्तुळ दिसलंच नाही. त्यांनी अंदाजाने औषध दिलं आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा "मोठं" दिलं. त्यांना दोष देताना जरा थांब. जवळची कल्चरची सोय साठ-सत्तर किलोमीटरवर असेल, तर माणूस अंदाजच करणार.

आता हीच चाचणी आपल्या भागात करताना काय होतं ते ऐक. पुस्तकात हे सापडत नाही.

मे महिन्यात वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो. प्लेट उबवायच्या साध्या इनक्युबेटरला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. खोलीच ४१-४२ अंशांवर गेली की काटा कितीही ३५ वर ठेव, आतलं तापमान खोलीइतकंच होतं. त्याचा थेट परिणाम एमआरएसए (मेथिसिलिन गटातल्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जंतू) ओळखण्यावर होतो. स्टॅफिलोकॉकसचा हा प्रतिरोध ३५ अंशांच्या वर नीट दिसत नाही. प्लेट सांगते "औषध लागू पडेल", आणि रुग्णाची जखम काही भरत नाही. म्हणून इथे लॅब लावायची तर थंड करण्याची सोय असलेला बीओडी इनक्युबेटर ही पहिली खरेदी. चकचकीत मशीन त्यानंतर.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे. कुठल्या रुग्णालयात ते सांगत नाही, पण लॅबची जबाबदारी माझी होती. उन्हाळा होता, रात्री विजेचा फिडर बंद व्हायचा. दोन आठवड्यांत क्लेबसिएला या जंतूचे जवळजवळ सगळे नमुने इमिपेनेम या राखीव औषधाला प्रतिरोधक येऊ लागले. वॉर्डात घबराट. एका रुग्णाला कोलिस्टिन हे जवळजवळ शेवटचं औषध सुरू झालं, आणि त्याचं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला. मी त्या दोन आठवड्यांत कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेला जंतू, लावला नव्हता. काम फार होतं, पुढच्या आठवड्यात लावू म्हटलं. शेवटी एटीसीसी २५९२२ हा ई. कोलायचा प्रमाणित जंतू काढला आणि त्याच डिस्क त्याला लावल्या. तो तर साध्या औषधांनाही दाद देणारा जंतू, त्याच्याभोवतीही झोन आक्रसलेला. डिस्क मेल्या होत्या. फ्रीज रात्री पाच-सहा तास बंद राहायचा, सकाळी आम्ही येईपर्यंत पुन्हा गार झालेला असायचा, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. इमिपेनेमसारखी औषधं उष्णतेत आणि दमटपणात फार लवकर कमजोर होतात. मी वॉर्डात जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. पेशंट सावरला. पण त्या दिवसापासून दर आठवड्याचा कंट्रोल मी एकदाही चुकवलेला नाही, आणि फ्रीजमध्ये कमाल-किमान तापमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवल्याशिवाय डिस्क ठेवत नाही.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण तू निवडते आहेस त्या कामाचा गाभा मला यातच दिसतो. तू लिहिलेल्या आकड्यावर एक डॉक्टर औषध बदलणार. आकडा चुकला तर चूक थेट माणसाच्या अंगावर जाते.

आता आणखी एक अडचण, जिच्यावर मला वाटतं तुझ्या पिढीने खरं संशोधन करायला हवं. रुग्णालयाच्या वर्षभराच्या निकालांवरून आपण अँटिबायोग्राम काढतो. कोणता जंतू कोणत्या औषधाला किती टक्के दाद देतो, त्याचा हा तक्ता. सीएलएसआय या लॅबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस अशी की एका जंतूचे निदान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढू नये, आणि एका रुग्णाचा पहिलाच नमुना मोजावा. ग्रामीण रुग्णालयात कित्येक जंतूंचे वर्षाला तीससुद्धा होत नाहीत. त्याहून मोठी गोम अशी की आमच्याकडे कल्चर कोणाचं येतं? तुझ्या आजीसारख्यांचं. आधी गावातल्या डॉक्टरची सुई, मग तालुक्याच्या मेडिकलमधून सुट्या चार गोळ्या, मग दुसऱ्या डॉक्टरचं सलाईन, आणि कशानेच फरक पडला नाही की कल्चर. म्हणजे पहिल्या गोळीने जे बरे झाले, त्यांचे जंतू आम्हाला कधी दिसतच नाहीत. आमचा तक्ता गावातल्या परिस्थितीपेक्षा भीषण दिसतो. डॉक्टर तो बघून पहिल्याच भेटीत मोठं औषध लिहितात. त्यामुळे प्रतिरोध आणखी वाढतो, आणि पुढच्या वर्षीचा तक्ता आणखी भीषण येतो.

यावर उपाय म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्यांदाच तक्रार घेऊन आलेल्या बायकांचे लघवीचे नमुने, औषध सुरू व्हायच्या आधी घेणं. ऐकायला सोपं. पण नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे, नाहीतर गार ठेवला पाहिजे, नाहीतर बाटलीतच जंतू वाढतात आणि खोटा निकाल येतो. ई. कोलायला दुप्पट व्हायला अनुकूल स्थितीत वीस मिनिटं पुरतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद. आशाताईंची पिशवी, बर्फाचा डबा, एसटीचं वेळापत्रक, हे सगळं त्या संशोधनाचा भाग आहे. पुण्या-मुंबईच्या संशोधकाला हे जमवायला वर्षं जातील. तुला माहीत आहे कोणती एसटी किती वाजता सुटते.

माणसांपुरतं हे थांबत नाही. तुझ्या घरी संत्र्याची बाग असेल किंवा शेजाऱ्याची असेल. खैऱ्या रोगावर फवारायला कृषी केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी आणतात, कपाशीवरच्या करप्यालाही कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर तीच. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध, १९४३ मध्ये सापडलेलं. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला हा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. शेतकऱ्याला विचार, पुडीत अँटिबायोटिक आहे हे त्याला सांगितलंय कोणी? मी विचारलं आहे. एक काका म्हणाले, "काहून मॅडम, ते तं झाडाचं औषध हाय नं?" त्यांची चूक काहीच नव्हती.

गाईला दगडी, म्हणजे कासेचा जंतुसंसर्ग, झाली की कासेत नळीने अँटिबायोटिक सोडतात. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध विकू नये ते छापलेलं असतं, पण रोजचा दुधाचा पैसा सोडणं कोणाला परवडतं? कोंबड्यांच्या खाद्यातून कोलिस्टिन दिलं जायचं. चीनमध्ये २०१५ साली एमसीआर-१ हे जनुक सापडलं. कोलिस्टिनला प्रतिरोध देणारं हे जनुक प्लास्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसून एका जंतूतून दुसऱ्यात जातं. कोलिस्टिन म्हणजे आयसीयूतला जवळजवळ शेवटचा उपाय. भारताने जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांकरता त्यावर बंदी घातली. पण पोल्ट्रीचं खत आजही शेतात पडतं, पावसात नाल्याला जातं, आणि त्या मातीत काय उरलं आहे हे आपल्या तालुक्यांत मोजायला माणसं हवीत. हे विषय तुझ्या घराच्या धुऱ्यावर आहेत.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. अँटिबायोटिक वाईट आहे असं समजून या क्षेत्रात येऊ नकोस. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं, सोबत तोंडाने को-ट्रायमोक्साझोल. घरी नवजात बाळाची सगळी काळजी घेण्याच्या कार्यक्रमाचा हा एक भाग होता. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याचे निष्कर्ष आले. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. बाळांना वाचवणारी औषधं साधी, जुनी, स्वस्त होती. ती निकामी झाली तर झोपडीत देता येईल असं दुसरं काय आहे? इमिपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधं शिरेतून, रुग्णालयात, कित्येक पट खर्चात. गरीब माणसाचं औषध शाबूत ठेवायचं, यासाठी मी हे काम करते.

आता शिक्षण आणि पोट. यात तुला कोणी फसवू नये म्हणून स्पष्ट लिहिते.

बी.एस्सी.वर थांबू नकोस. पुढे दोन वाटा आहेत. एक, विद्यापीठातलं दोन वर्षांचं एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, नागपूरला किंवा अमरावतीला. दोन, वैद्यकीय महाविद्यालयात होणारं तीन वर्षांचं एम.एस्सी. मेडिकल मायक्रोबायोलॉजी. रुग्णांचे नमुने हाताळायचे असतील तर दुसरी वाट बरी, कारण पहिल्या दिवसापासून खऱ्या जखमा, खरं रक्त समोर असतं. पण हेही समजून घे की रुग्णाच्या अहवालावर सही बहुतेक ठिकाणी एमडी झालेल्या डॉक्टरची असते. एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्या माणसाला रुग्णालयात हा दुय्यमपणा बोचतो. मला बोचला आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. चांगले एमडी सहकारी भेटले तर तो जाणवत नाही, एवढंच.

सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा दे. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये अधिक घरभाडं, पीएच.डी. करताना घरी पैसे मागावे लागत नाहीत. गेट परीक्षाही दे. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) प्रकल्पांत नोकऱ्या निघतात, पण त्या कंत्राटी. प्रकल्प संपला की नोकरी संपते. खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सुरुवातीला पगार फार थोडा असतो, अनुभवासाठी वर्षभर कर, तिथे रुतू नकोस. नागपूरच्या आसपासच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला मायक्रोबायोलॉजिस्ट लागतात. पगार बरा, काम वेगळं.

विदर्भ सोडल्याशिवाय काही शिकता येत नाही, हे आता खरं राहिलेलं नाही. आयसीएमआरने २०१३ मध्ये प्रतिरोधावर नजर ठेवणारं देशभरातल्या रुग्णालयांचं जाळं उभं केलं, त्यात सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थानही आहे. नागपुरात एम्स आहे, पर्यावरणातल्या जंतूंसाठी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, जनावरांसाठी नागपूर आणि अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्था आहेत. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी नागपुरातच डिसेंबर २०२२ मध्ये झाली. तुझी पीएच.डी. होईपर्यंत तिथे माणसं लागतील.

तरीही दोन-तीन वर्षं बाहेरच्या एखाद्या चांगल्या लॅबमध्ये काढ. जिथे कंट्रोल फेल गेला की त्या दिवशीचा एकही रिपोर्ट बाहेर जात नाही, अशी लॅब शोध. ती शिस्त अंगात मुरली की मग कुठेही बस. सोबत संगणक शीक. डब्ल्यूएचओनेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि तालुक्याच्या लॅबचे निकालही त्यात नीट भरता येतात. थोडं लिनक्स आणि आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकलीस तर जगभरच्या जंतूंचे जीनोम सार्वजनिक साठ्यातून घरी बसून उतरवता येतात आणि त्यातली प्रतिरोधाची जनुकं ओळखणारी साधनंही मोफत आहेत.

आणि हौसेने घरी किंवा कॉलेजात प्रतिरोधक जंतू वाढवू नकोस. १२१ अंश, १५ पौंड दाब, निदान एक तास, असा ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने जंतू मारणारं यंत्र) नीट चालतो याची खात्री असल्याशिवाय एकही प्लेट कचऱ्यात जाता कामा नये. कॉलेजच्या मागे फेकलेल्या प्लेटा मी पाहिल्या आहेत, त्यांच्याभोवती कोंबड्या चरत होत्या.

या सुट्टीत एवढं कर. गावातल्या मेडिकलवाल्या काकांना भेट आणि शेड्यूल एच-१ चं रजिस्टर दाखवायला सांग. मार्च २०१४ पासून तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनसारखी औषधं विकताना डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव त्यात लिहून ठेवणं बंधनकारक आहे. भांडायला जाऊ नकोस, बस आणि ऐक. लोक काय मागतात, किती गोळ्या मागतात, चिठ्ठी किती जणांकडे असते. रुग्णांची नावं न लिहिता पंधरा दिवस वहीत टिपून ठेव. मग विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जिल्ह्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मायक्रोबायोलॉजी विभागात जा आणि महिनाभर प्लेट वाचताना शेजारी उभं राहू द्या म्हण. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. सकाळी साडेआठच्या आत पोच. प्लेट तेव्हा उघडतात, अकरापर्यंत वाचून होतात, आणि दुपारी गेलीस तर ऑटोक्लेव्हमध्ये गेलेल्या असतात.